आठवी-नववीला नाटकाचा एक तास द्या : खान्देशातल्या मुख्याध्यापकांना खुले पत्र

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, पर्यवेक्षक आणि संस्थाचालक यांस,

सप्रेम नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की माझ्याकडे पालक येऊ लागतात. कोणी चोपड्याहून येतं, कोणी शिरपूरहून, कोणी थेट शहाद्याहून. सोबत मुलगा किंवा मुलगी असते, हातात गुणपत्रक आणि सत्काराचे फोटो असतात, आणि म्हणणं साधारण एकच असतं : "सर, हिला नाटकाच्या कॉलेजला जायचंय. पंधरा दिवसांवर ऑडिशन आली. तेवढी तयारी करून द्या." मी नाही म्हणत नाही. पण पंधरा दिवसांत मी उतारा पाठ करून घेऊ शकतो, उभं कसं राहायचं ते सांगू शकतो, आणि त्यापुढे माझे हात टेकतात. जी तयारी लागते ती तेराव्या-चौदाव्या वर्षी व्हायला हवी होती, आणि त्या वयात ती मुलं तुमच्या शाळेत होती. म्हणून हे पत्र तुम्हाला.

नाट्यशिक्षणाचे रस्ते आपल्याकडून फार लांब नाहीत, हे आधी सांगतो, कारण बऱ्याच शिक्षकांनाही ते ठाऊक नसतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटक घेऊन पदवी करता येते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा जुना विभाग आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात परफॉर्मिंग आर्ट्सची स्वतंत्र फॅकल्टी आहे. अमळनेर-नंदुरबारच्या पोराला बडोदं पुण्यापेक्षा जवळ पडतं, नवजीवन एक्स्प्रेसमध्ये बसवून देता येतं. पुण्याला जायचं तर जळगाव-चाळीसगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस आहेच. पदवीनंतर मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. १९५९ साली सुरू झालेल्या या विद्यालयाच्या अटींमध्ये पदवीसोबत किमान सहा नाट्यप्रयोगांत काम केल्याचा अनुभव मागितला जातो. विसाव्या वर्षी पहिल्यांदा रंगमंचावर पाऊल ठेवणारा मुलगा ही अट कधी पुरी करणार? प्रत्येक ठिकाणचे नियम त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट पाहून घ्यावेत. पण एक गोष्ट सगळीकडे सारखी : अर्ज भरून प्रवेश मिळत नाही, परीक्षकांसमोर उभं राहावं लागतं.

तिथे नेमकं काय होतं? विद्यार्थ्याला बहुतेक वेळा एक किंवा दोन उतारे तयार करून आणायला सांगतात, दोन-तीन मिनिटांचे, आणि दोन असतील तर एकमेकांपासून वेगळ्या प्रकृतीचे. ते झाले की खरी परीक्षा सुरू होते. परीक्षक मध्येच थांबवतात आणि म्हणतात, आता हेच वेगळ्या तऱ्हेने करून दाखव. न वाचलेलं पान हातात देतात आणि वाचायला लावतात. चार अनोळखी मुलांसोबत एखादा प्रसंग उभा करायला सांगतात. एखादं गाणं म्हणायला लावतात. मग समोर बसवून विचारतात : अलीकडे कोणतं नाटक वाचलंस, कोणतं पाहिलंस, त्यात काय पटलं नाही? मुलगा किती 'तयार' आहे हे त्यांना पाहायचं नसतं. तो शिकू शकतो का, ऐकतो का, सांगितलेला बदल शरीरात उतरवतो का, हे ते पाहतात.

मागच्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातली एक मुलगी सरावाला आली होती. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं. मूल गमावलेल्या आईचा उतारा ती करत होती. मी तिला अर्ध्यावर थांबवलं आणि म्हटलं, "आता असं समज की पलीकडच्या खोलीत दुसरं बाळ झोपलंय. ते उठता कामा नये. बोल." ती पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरू झाली, त्याच आवाजात. ज्या शब्दावर आधी हात वर गेला होता, त्याच शब्दावर पुन्हा हात वर गेला. तीनदा सांगून पाहिलं. हात आणि शब्द एकत्र शिवले गेले होते, ते तिला सुटेनात. मुलगी हुशार होती. तिला आयुष्यात कुणी कधी "हेच दुसऱ्या तऱ्हेने कर" असं म्हटलंच नव्हतं. त्याच सकाळी नववीतला एक मुलगा तिथे बसला होता. शनिवारच्या आमच्या वर्गाला तो येतो. हौस म्हणून त्यालाही हाच प्रसंग दिला. त्याने लगेच विचारलं, "सर, बाळ कुणाचंय? तिचंच की जावेचं?" त्याचा अभिनय तिच्यापेक्षा कच्चा होता. पण हा प्रश्न पडणं म्हणजेच तयारी, आणि तो प्रश्न पडायची सवय लागायला दोन-तीन वर्षं जातात.

आता गॅदरिंगबद्दल मन मोकळं करतो. आपल्या शाळांमध्ये नाटक म्हणजे डिसेंबर-जानेवारीतले दहा-बारा दिवस. बाहेरून कोणीतरी बसवायला येतं, संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात, आणि मुलं मोठ्या स्पीकरच्या आवाजावर ओठ हलवत हातवारे करतात. एका शाळेत मी हे पाहिलं आणि तिथल्या जबाबदार मंडळींना विनंती केली की निदान मुलांना स्वतःच्या आवाजात बोलू द्या. उत्तर मिळालं की मागे बसलेल्या पालकांना ऐकू जात नाही, आणि चुका झाल्या तर शाळेचं नाव जातं. गॅदरिंग संपलं, हॉलला कुलूप लागलं, पुढच्या डिसेंबरपर्यंत. मला हे फार लागलं. चौदा वर्षांच्या मुलाला आपण शिकवतो की तुझा आवाज लोकांना ऐकवण्याजोगा नाही, आणि चार वर्षांनी तोच मुलगा परीक्षकांसमोर पहिल्यांदा स्वतःच्या आवाजात बोलायला उभा राहतो.

मग लहान वर्गांनी करायचं काय? आठवीत ऑडिशनचा उतारा अजिबात देऊ नका. त्या वर्षी मोठ्याने वाचन, खेळ, एकमेकांकडे बघणं आणि ऐकणं एवढंच पुरे. बाकावर बसून नव्हे, वर्गाच्या एका कोपऱ्यात उभं राहून वाचायचं आणि समोरच्या कोपऱ्यातल्या मित्राला न ओरडता ऐकू गेलं पाहिजे. निरीक्षणाचं काम द्या. बाजाराच्या दिवशी किंवा एसटी स्टँडवर एकच माणूस निवडायचा, वीस मिनिटं त्याच्याकडे लक्ष ठेवायचं आणि शनिवारी तो वाट कशी बघतो ते करून दाखवायचं. नक्कल करून हशा मिळवायचा नाही, ही एकच अट. मुलं पहिले दोन आठवडे हसवतातच. तिसऱ्या आठवड्यात काहीतरी घडतं. पारोळा भागातल्या एका मुलाने वडील करून दाखवले होते. कापसाची गाडी घेऊन ते व्यापाऱ्याकडे गेलेत, व्यापारी कापसात कोपरापर्यंत हात घालून ओल बघतोय, आणि वडील त्याच्या हाताकडे न बघता बैलाच्या कासऱ्याशी चाळा करतायत. एक शब्द नव्हता. वर्गातल्या प्रत्येक पोराला तो भाव काय ठरणार याची धास्ती कळली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, त्याच्या घरात ते होतं. आपण फक्त जागा दिली.

नववीत उतारे सुरू करावेत, आणि इथे शिक्षकांनी निवडीत कडक राहावं. मुलं मोबाइलवर बघून भलतेच उतारे उचलतात. पंधरा वर्षांची मुलगी नवऱ्याने टाकलेली बाई होते, मिसरूड फुटायच्या आत मुलगा राज्य गेलेला म्हातारा राजा होतो. त्यात दोष मुलांचा नाही, गाजलेलं तेवढंच त्यांच्या कानावर आलेलं असतं. पण परीक्षक असे उतारे असंख्य वेळा ऐकून बसलेले असतात, आणि मुलाला त्या दुःखाचा पत्ता नसतो, म्हणून तो फक्त आवाज वाढवतो. स्वतःच्या वयाच्या दोन-चार वर्षं पुढे-मागे असलेलं पात्र घ्यावं. थोरल्या भावाशी भांडणारा धाकटा, खोटं बोलताना सापडलेली मुलगी, परीक्षेत नापास झाल्याचं घरी सांगायला निघालेला पोरगा, अशी पात्रं मराठी नाटकांत आणि बालनाट्यांत आहेत, शोधावी लागतात. उतारा पूर्ण नाटकातूनच घ्यावा, सिनेमातून किंवा सुट्या 'मोनोलॉग'च्या व्हिडिओतून नको. नाटक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उताऱ्याला हात लावू देऊ नका. माझ्या वर्गात मी मुलांना लिहून आणायला लावतो : हे बोलण्याच्या आधीच्या क्षणाला काय झालं, समोर कोण आहे, त्याच्याकडून काय हवंय, आणि ते मिळालं नाही तर काय होईल. ज्याला 'समोर कोण आहे' याचं उत्तर देता येत नाही, त्याचा उतारा भाषण होतो. समोरचा माणूस परीक्षकांच्या डोक्याच्या जरा वर किंवा बाजूला उभा आहे असं धरून बोलायचं, थेट परीक्षकांच्या डोळ्यांत बघून रडायचं नाही, हेही तेव्हाच सांगून ठेवावं. नाव, गाव, नाटकाचं नाव शांतपणे सांगणं, संपल्यावर क्षणभर थांबणं, 'सॉरी सर, परत करू का' असं न म्हणणं, या छोट्या गोष्टींचा सराव नववीतच झाला तर बारावीनंतर त्यावर वेळ घालवावा लागत नाही.

आवाजाबद्दल एक काळजीची गोष्ट. आठवी ते दहावी या काळात मुलांचा आवाज फुटतो. त्या दिवसांत त्यांच्याकडून आरोळ्या, गर्जना, लढाईचे प्रसंग करून घेऊ नका. गळा बसला की मुलगा आणखी जोर लावतो आणि तीच सवय पुढे चिकटते. ओठ मिटून हुंकार, सावकाश श्वास, सपाट स्वरात वाचन एवढंच ठेवा. मार्चनंतर दुपारी पत्र्याखालच्या हॉलमध्ये तालीम तर नकोच. आपल्याकडचं ऊन मी तुम्हाला सांगायला नको.

भाषेचा प्रश्न मात्र मला थोडा जास्त वेळ मांडायचा आहे. आपली मुलं घरी अहिराणी बोलतात, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात पावरी आणि भिली. शाळेत 'डोळा'चा 'डोया' झाला की वर्ग हसतो, आणि काही वेळा, वाईट वाटतं सांगताना, शिक्षकही हसतात. तो मुलगा पुढे वर्गात तोंड उघडत नाही. ऑडिशनला आला की पुण्याची भाषा कशीबशी तोंडावर चढवतो, आणि सगळं लक्ष 'ळ' आणि 'ण' सांभाळण्यात जातं. प्रमाण मराठी स्वच्छ बोलता आलीच पाहिजे, त्यात सवलत मागायची नाही. रंगभूमीवर तिची गरज आहे आणि मोठ्याने वाचनाने ती येते. पण ती शिकवताना घरची बोली काढून घेऊ नका. दोन उताऱ्यांना वाव असेल तर एक प्रमाण भाषेत आणि एक बोलीत करावा. बोलीतला उतारा परीक्षक कान देऊन ऐकताना मी स्वतः पाहिले आहेत. अहिराणीत "कथा जाई ऱ्हायना?", म्हणजे 'कुठे चाललास?', असं विचारणाऱ्या मुलीच्या बोलण्यात जे वजन असतं ते उसन्या भाषेत येत नाही.

याच्याच जोडीला आणखी एक. मुलाखतीत 'तुमच्या भागातली लोककला कोणती' हा प्रश्न हमखास येतो. आपली मुलं पोवाडा आणि लावणी सांगतात, कारण पुस्तकात तेच आहे. ज्यांच्या गावात वहीगायनाची, म्हणजे खान्देशी लोकगाण्यांची, मंडळी डफ घेऊन रात्र जागवतात, ज्यांच्या तालुक्यात सोंगाड्या पार्टी अजून फिरते, ज्यांच्या घरी श्रावणात कानबाई बसते आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पोरी झोक्यावर गाणी म्हणतात, ती मुलं म्हणतात, "आमच्याकडे काही नाही, सर." या कलावंतांना शाळेत एकदा बोलवा. गावातलेच असतात, मानधनापेक्षा मानाची त्यांना जास्त अपेक्षा असते.

नारायण राजहंस, म्हणजे पुढचे बालगंधर्व, लहानपणी जळगावात राहून गाणं शिकले. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा ते अवघे सतरा वर्षांचे होते. मंडळींनी त्यांचं गाणं ऐकलं तेव्हा गळ्यावर आधीची काही वर्षं मेहनत झालेली होती. जळगावच्या खुल्या नाट्यगृहाला आपण त्यांचं नाव दिलं आहे. शाळकरी वयात मिळालेल्या त्या शिक्षणाचीही आठवण ठेवू या.

मुलींबद्दल वेगळं लिहावंच लागेल. शाळा सुटल्यावर तालीम ठेवली की मुली गळतात. त्यांचा एसटीचा पास गावापर्यंतचा, संध्याकाळची ठरलेली गाडी चुकली तर पुढे काही नाही, आणि एकदा उशीर झाला की घरून नाटक बंद. कापूस वेचणीच्या दिवसांत तर सुट्टीचा वारही त्यांचा नसतो. म्हणून नाटकाचा तास शाळेच्या वेळापत्रकात असला पाहिजे, 'ज्यांना आवड आहे त्यांनी थांबा' असा नको. आणि बाहेरचा माणूस शिकवायला बोलावलात तर वर्गात शाळेची एक शिक्षिका पूर्ण वेळ बसलेली असावी. मी आलो तरीही.

मुलांना नाटक दाखवा. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची हौशी मराठी राज्य नाट्य स्पर्धा होते तेव्हा जळगाव केंद्रावर संपूर्ण नाटकं अगदी नाममात्र तिकिटात बघायला मिळतात. नववीचा एक वर्ग एका नाटकाला नेला, दुसऱ्या दिवशी मराठीच्या तासाला त्यावर बोलला, तर मुलाखतीतल्या 'कोणतं नाटक पाहिलंस' या प्रश्नाचं उत्तर तयार होतं, आणि ते पाठ केलेलं नसतं. शासनाची बालनाट्य स्पर्धाही असते, तिथे तुमच्याच शाळेचा संघ उतरवता येईल. जळगावच्या विद्यापीठाच्या युवारंग या युवक महोत्सवात नाट्यप्रकार असतात, तेही जवळपास असतील तेव्हा बघू द्या. आणि ग्रंथालयातलं ते कपाट उघडा. बहुतेक जुन्या शाळांमध्ये नाटकांची पुस्तकं आहेत, बांधणी केलेली, वर्षानुवर्षं कोणी न मागितलेली. फाटतील म्हणून दिली जात नाहीत. फाटू देत.

दहावीच्या वर्षी मात्र मुलांना फार ओढू नका. महिन्यातून एखादा तास, वाचन चालू, बस्स. कलांच्या वाढीव गुणांचे प्रस्ताव तुम्ही मंडळाकडे पाठवताच. पण निव्वळ गुणांसाठी नाटक करणाऱ्या मुलांची गर्दी होऊ देऊ नका, त्यात खरी आवड असणारा मागे पडतो.

"सगळेच काय नट होणार आहेत का?" हा प्रश्न मला तुमच्यापैकी काहींनी विचारला आहे. नाही होणार. जागा थोड्या असतात, बहुतेक मुलांची निवड होत नाही, आणि निवड झालेल्यांनाही पुढे पोट भरणं सोपं नसतं. प्रकाशयोजना, वेशभूषा, डबिंग, आकाशवाणी, शिक्षकी असे रस्ते निघतात, पण तेही खटपटीचे. हे मी पालकांना पहिल्याच भेटीत सांगतो. आठवी-नववीत दोन वर्षं तास केल्यावर एखाद्या मुलाला कळलं की हे आपल्याला जमणारं नाही, तर त्याच्या बापाचे पुण्यातल्या खोलीभाड्याचे पैसे वाचले. आणि जिला कळलं की हेच हवंय, ती बारावीनंतर माझ्याकडे पंधरा दिवस घेऊन येणार नाही.

तर माझं मागणं एवढंच : येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना आठवी आणि नववीला आठवड्यातून एक तास नाटकाला द्या. शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास सगळ्यांत सोयीचा पडतो, मुलींच्या गाड्याही सापडतात. मराठीच्या शिक्षकांपैकी एकाने तो घ्यावा, नाटकाचा अनुभव नसला तरी चालेल. अशा शिक्षकांसाठी दिवाळीच्या सुट्टीत अमळनेरला दोन दिवस बसायची माझी तयारी आहे. नववीच्या मुलांना झेपतील असे उतारे आणि ते ज्या नाटकांतले आहेत ती पुस्तकं मी जमवून ठेवली आहेत, शाळेच्या शिक्क्याचं पत्र दिलंत की वाचायला मिळतील. अमळनेर, पारोळा, एरंडोल, चोपडा या तालुक्यांतल्या ज्या शाळेला पहिला तास कसा घ्यावा हे बघायचं असेल तिथे मी स्वतः येईन. मानधन नको, एसटीचं भाडं माझं मी बघेन. फक्त शनिवार आणि वेळ आठवडाभर आधी कळवा, आणि त्या दिवशी हॉलची किल्ली शिपायाकडे काढून ठेवायला सांगा.

आपला,
अमळनेर येथील एक नाट्यशिक्षक